बसलेल्या गड्याची पारख

सोलापूर जिल्ह्यात कुठेही खो-खोची निवड चाचणी असू दे, बघणाऱ्यांच्या नजरा दोनच ठिकाणी असतात : खांबापाशी आणि पळणाऱ्या गड्यावर. खांबाचा आधार घेत सूर मारून गडी टिपणारा मुलगा आणि तीन मिनिटे हुलकावण्या देत नाबाद राहणारा मुलगा, या दोघांची नावे त्याच संध्याकाळी गावात पोचलेली असतात. मधल्या पाट्यांवर बसलेला, खो मिळताच उसळून उठणारा, चार पावलांत पळणाऱ्याची वाट अडवून पुढच्याला खो देणारा आणि त्याच्या जागी पुन्हा बसणारा मुलगा मात्र चटकन कुणाच्या यादीत येत नाही. गुणपत्रिकेवर त्याच्या नावापुढे कधी एक गडी असतो, कधी शून्य. पंधरा-सोळा वर्षांच्या अशा आक्रमकाची कुवत व्यावसायिक संघासाठी कशी ओळखायची, हा या लेखाचा प्रश्न आहे. आज तो संघात कितवा आहे हे कळणे सोपे असते. पाच वर्षांनी तो कुठवर जाईल, हे आज कशावरून सांगायचे?

काही वर्षांपूर्वीपर्यंत असा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अजिंक्यपद, मग राष्ट्रीय स्पर्धा आणि नशीब असेल तर रेल्वे किंवा विमानतळ प्राधिकरणाच्या संघात नोकरी, एवढीच वाट होती. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि चित्र बदलले. चेन्नई क्विक गन्स, गुजरात जायंट्स, मुंबई खिलाडीज, ओडिशा जगरनॉट्स, राजस्थान वॉरियर्स, तेलुगू योद्धाज असे सहा संघ उभे राहिले. खेळाडूंची गटवारी झाली, गटानुसार मानधन ठरले, आणि संघमालकांच्या टेबलावर प्रथमच खो-खोपटूंच्या याद्या आल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलांनी नेपाळला ५४-३६ आणि मुलींनी नेपाळलाच ७८-४० असे हरवले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मुलांच्या संघात आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. चेन्नईकडून खेळताना तो लीगमध्ये आधीच गाजला होता. अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव आता खो-खोमुळेही घेतले जाते. रामजीनंतर जिल्ह्यातल्या प्रत्येक मैदानावर एक तरी बाप प्रशिक्षकाला विचारतो, ‘आमच्या पोराचं काय?’ त्या बापाला खरे उत्तर देण्याची आपली तयारी अजून झालेली नाही.

आधी खेळाचे गणित समजून घेऊ. पारंपरिक मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर, मधे आठ आडव्या पाट्या, आणि लगतच्या दोन पाट्यांमध्ये २ मीटर ३० सेंटिमीटरची जागा. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला यातले एकही बंधन नाही. तो बसलेल्या गड्यांच्या मधून हवा तसा आरपार जातो, साखळी पळतो, गोल पळतो. म्हणजे एकट्या आक्रमकाने एकट्या चपळ गड्याला पकडणे जवळपास अशक्य, हे नियमांनीच ठरवून ठेवले आहे. गडी पकडतो तो संघ. दर खोबरोबर पळणाऱ्याची एक वाट बंद होते, आणि सातव्या-आठव्या खोला त्याच्यापुढे एकच वाट उरते. त्या उरलेल्या वाटेवर जो असतो त्याचा हात लागतो आणि त्याच्या नावावर गडी चढतो. आधीच्या सहा-सात जणांच्या नावावर काहीच चढत नाही.

४ सप्टेंबर २०२२च्या पहिल्या लीगच्या अंतिम सामन्यात हेच घडले. ओडिशाने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे, फक्त एका गुणाने हरवले. शेवटची अवघी १४ सेकंदे उरली असताना सूरज लांडेने आकाशीय सूर मारून गडी टिपला आणि चषक ओडिशाकडे गेला. ती उडी आजही मोबाइलवर फिरते. उडी अप्रतिमच होती. पण पळणारा त्या जागी, त्या क्षणी, सुराच्या टप्प्यात का आला, याचे उत्तर त्या आधीच्या खोंमध्ये आहे. ते खो कुणी दिले हे कुणाला आठवत नाही. नवोदित आक्रमकाची पारख करताना आपण नेमकी हीच चूक सतत करतो : शेवटचा हात मोजतो आणि आधीचे हात सोडून देतो.

जगात हा प्रश्न एका खेळाने फार खोलात जाऊन हाताळला आहे, म्हणून त्याकडे वळतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या वेळी पाच धिप्पाड खेळाडू पुढच्या रांगेत वाकून उभे असतात. चेंडू फेकणाऱ्याला वेळ मिळावा आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मिळावी, यासाठी समोरच्यांना अडवणे हे त्यांचे काम. त्यांच्या नावावर धावा नाहीत, गुण नाहीत, आणि मधला सोडला तर चेंडूला हात लावण्याची वेळही क्वचित. तरी तिथले संघ या रांगेवर अमाप पैसा खर्च करतात, कारण रांग फुटली की मागचा तारांकित खेळाडू जमिनीवर पडतो. दरवर्षी इंडियानापोलिसला नवोदितांची मोठी चाचणी होते. तिथे रांगेतल्या मुलांना इतरांसारखेच ४० यार्ड पळवतात, पण जाणकार त्यातले पहिले १० यार्डच पाहतात, कारण या मुलाला सामन्यात ४० यार्ड पळायचेच नसते. हाताची लांबी मोजतात. पायांची ठेवण पाहतात. आणि मग कॉलेजच्या सामन्यांचे चित्रण लावून एकेका चालीत तो नेमके काय करत होता हे तासन्‌तास बघतात.

त्यांचेही अंदाज फसतात, आणि कधी फार सुंदर फसतात. जॉर्डन मायलाटा हा सिडनीचा रग्बी खेळणारा मुलगा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. २०१८ साली नवोदितांच्या निवडीत फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला शेवटच्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर घेतले. पहिली दोन वर्षे तो एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड त्याला रोज उभे कसे राहायचे आणि पाय कसे टाकायचे हे शिकवत राहिले. २०२०पासून तो खेळू लागला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघाच्या याच रांगेतला तो भक्कम डावा टॅकल होता. त्याला घेताना त्याची आकडेवारी पाहण्याचा प्रश्नच नव्हता, ती नव्हतीच. प्रचंड शरीर, त्या शरीराला न शोभणारी चपळ पावले आणि शिकण्याची तयारी, एवढ्या तीन गोष्टींवर संघाने भरवसा टाकला आणि दोन वर्षे वाट पाहिली. वाट पाहिली, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो.

खो-खोमधल्या बसलेल्या गड्याचे आणि या रांगेतल्या गड्याचे काम किती सारखे आहे! दोघेही वाकलेल्या स्थितीत इशाऱ्याची वाट पाहतात, इशाऱ्याआधी हलले तर दोष, आणि इशाऱ्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात दोघांचे बरेचसे काम झालेले असते. म्हणून पारख सुरू करायची ती उठण्यापासून.

उठणे म्हणजे नेमके काय पाहायचे? आपल्याकडे बसण्याच्या दोन पद्धती शिकवतात. पॅरलल टोमध्ये दोन्ही चवडे समांतर असतात. बुलेट टोमध्ये एक पाय मागे असतो, धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीला ठेवतात तसा. बुलेटमध्ये पहिला रेटा जोरात मिळतो, पॅरललमध्ये दोन्ही बाजूंना वळणे सोपे जाते. कोणती पद्धत चांगली यावर प्रशिक्षक भांडतात. माझ्या मते मुलाला कोणती जमते यापेक्षा, खोचा हात पाठीला लागल्यापासून त्याचे पहिले पाऊल बसण्याच्या चौकटीबाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो, हे महत्त्वाचे. पळणारा सेकंदाला ६ मीटर वेगाने जात असेल, तर ०.२ सेकंद उशीर म्हणजे १ मीटर २० सेंटिमीटर. दोन पाट्यांमधल्या अंतराचा निम्म्याहून जास्त भाग. एवढ्या उशिराने आधीच्या चार जणांची मेहनत पाण्यात जाते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण साध्या मोबाइलच्या संथ चित्रणात दिसतो. सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे घेणारे फोन आता खेड्यापाड्यात आहेत. खांबाच्या मागे फोन उभा करून एक डाव टिपला, तर आठही गड्यांचे उठणे घरी बसून मोजता येते. याला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट खो देण्याची. खो पाठीमागूनच द्यायचा, हात लावायचा आणि आवाज मोठा काढायचा, आणि हे सारे पूर्ण वेगात, नजर पळणाऱ्यावर ठेवून. घाईत हात आधी आणि आवाज नंतर होतो. बसलेला खोआधीच उठतो. पंचांची शिट्टी वाजते आणि पळणाऱ्याला श्वास मिळतो. नियमभंगांची संख्या हा नवोदिताच्या पारखीत सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. एका डावात दोन गडी टिपून चार नियमभंग करणारा मुलगा वरच्या पातळीवर संघाला बुडवतो. गडी न टिपता तीस स्वच्छ खो देणारा मुलगा संघाला वर काढतो. पण आपल्या गुणपत्रिकेत पहिल्याचे नाव वर असते.

तिसरी गोष्ट मोजायला सर्वांत कठीण : वाट ओळखणे. खो मिळाल्यावर उजवीकडे वळायचे की डावीकडे, हा निर्णय उठता उठता घ्यावा लागतो, आणि खांदा वळला की तो बदलता येत नाही. चांगला बसलेला गडी खो मिळण्याआधीच हा निर्णय घेऊन ठेवतो. तो नुसता बसलेला नसतो. मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पळणारा कुठल्या पाटीवर आहे, साखळी एकेरी आहे की दुहेरी, गोल तुटणार कुठे, हे तो सारखे वाचत असतो. चाचणीत हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. खो मिळाल्यावर पहिले पाऊल चुकीच्या दिशेने टाकून मग सुधारणारा मुलगा वाचत नव्हता. चेहऱ्यावर घाबरल्याचा भाव नसलेला, उठता उठताच योग्य दिशेने झुकलेला मुलगा वाचत होता. असा मुलगा आज हळू असला तरी मी त्याला घेईन. वेग चार वर्षांत बराच वाढवता येतो. वाचन वाढते, पण फार हळू.

सूर मारण्याबद्दल फार लिहीत नाही. ते सगळेच पाहतात. फक्त एवढे म्हणेन की चौदाव्या वर्षी मातीवर रोज शेकडो सूर मारणाऱ्या मुलाच्या खांद्याकडे आणि गुडघ्यांकडे आधी पाहा, सुराच्या लांबीकडे नंतर.

यावरून शरीराचा विषय येतो, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी एकदम उंच होतात, पण कुणी बाराव्या वर्षी तर कुणी सोळाव्या वर्षी. चौदा वर्षांखालच्या किशोर गटात जो मुलगा सर्वांना भारी पडतो, तो अनेकदा खेळात पुढे नसतो, वाढीत पुढे असतो. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात आणि मग ‘याचं लक्ष उडालं’ असे लोक म्हणतात. लक्ष उडालेले नसते. उलट, उशिरा वाढणारा लहानखुरा मुलगा चौदाव्या वर्षीच यादीतून वगळला जातो आणि सोळाव्या वर्षी मैदानावर असतच नाही. खो-खोच्या जुन्या जाणत्यांना याची कल्पना होती. किशोर गटासाठी वय, उंची आणि वजन यांची बेरीज ठरावीक आकड्याच्या आत हवी, असा नियम आपल्या खेळात वापरला गेला. जन्मतारखेचाही असाच खेळ असतो. कॅनडाच्या आइस हॉकीत १९८०च्या दशकात संशोधकांना दिसले की वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांची गर्दी आहे, कारण वयोगटाची तारीख १ जानेवारी होती. आपल्या जिल्हा संघांच्या जन्मतारखा एकदा महिन्यांप्रमाणे लावून पाहाव्यात. ते काम एका दुपारचे आहे.

उंचीबद्दल एक विशेष गोष्ट सांगायला हवी. लांब हाताचा मुलगा खांबावर आणि सुरात उपयोगी, हे खरे. पण उंच मुलाला खोल उकिडवे बसून तडक उठणे जड जाते, आणि वाढीच्या वर्षांत तर गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे सुरू होते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. सतत उठबस आणि उड्या असलेल्या खेळांतल्या वाढत्या मुलांना ते होते आणि वाढ पूर्ण झाली की बहुधा जाते. दुखण्याच्या त्या महिन्यांत मुलाचे उठणे मंदावते. चाचणी नेमकी त्याच काळात आली तर त्याच्या नावावर काट मारली जाते. आधीच्या हंगामाची नोंद असेल तर कळते की हा मुलगा मंद नाही, दुखऱ्या गुडघ्याचा आहे.

व्यावसायिक संघाचा खेळ वेगळा आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. लीगचे मैदान मॅटचे आणि २२ मीटर लांब, संघात मैदानावर सात जण, डाव सात मिनिटांचा. आक्रमकांपैकी एक वझीर, ज्याला दिशेचे बंधन नाही. सूर मारून गडी टिपला तर जादा गुण, आणि ठरावीक वेळेपलीकडे टिकलेल्या संरक्षकांनाही गुण. या बदलांनी बसलेल्या गड्याचे महत्त्व कमी झाले असे कुणाला वाटेल, वझीर आहे तर बाकीच्यांची गरज काय म्हणून. मला उलट वाटते. नऊऐवजी सात जण असताना एकेका बसलेल्याच्या वाट्याला जास्त जागा येते, आणि वझीराच्या खोला तत्काळ उठणारा कुणी नसेल तर वझीर दमून जातो. मॅटचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सोलापुरातली बहुतेक मुले मातीवर वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात सकाळी सहाला पाणी मारून भुसभुशीत केलेल्या मातीवर ती सूर मारायला शिकतात. मॅटवर पाय जास्त पकडतो, वळताना गुडघा पिळतो, सूर मारताना हातापायाची कातडी भाजते. मातीवरचा उत्तम मुलगा मॅटवर पहिल्या महिन्यात सामान्य दिसतो. त्याला पंधरा दिवसांच्या शिबिरात पाहून निकाल देणे म्हणजे मॅटची सवय मोजणे, मुलाची कुवत नव्हे.

खो-खो महासंघाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१च्या सुरुवातीला दिल्ली-फरिदाबाद परिसरात खेळाडूंचे क्रीडाविज्ञानाचे शिबिर झाले, हालचालींचे विश्लेषण झाले. पण ते वरच्या, तयार खेळाडूंचे होते. माझा प्रश्न पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याच्या शाळेत दहावीत असलेल्या मुलाचा आहे. त्याची पारख आजही एका दिवसाच्या चाचणीत, तीन-चार जणांच्या नजरेने होते. त्या नजरा अनुभवी असतात, बहुतेक वेळा प्रामाणिकही असतात. पण एका दिवसात दीडशे मुले पाहताना कुणाचीही नजर हालचाल मोठी असेल तिकडेच जाते. आपल्या क्लबचा मुलगा आपल्याला जास्त चांगला दिसतो, हेही माणसाचेच लक्षण. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पद्धतच अशी आहे की बसलेला गडी तिच्यातून गळतो.

कबड्डीकडे पाहिले तर बदल कसा होतो ते दिसते. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारसाठी लागली, १२ लाख ८० हजार. पकडी करणाऱ्यांकडे तेव्हा कुणी त्या नजरेने पाहत नव्हते. चार वर्षांत संघांना कळले की चढाईपटू सामना रंगवतो पण पकडी चषक आणतात. २०१८मध्ये इराणचा कोपरारक्षक फजल अत्राचली यू मुंबाने एक कोटीला घेतला. २०२३च्या लिलावात मोहम्मदरेझा शादलूसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्याच हंगामात पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. सामन्यांच्या आकडेवारीत पकडींचा हिशेब नीट मांडला जाऊ लागला, म्हणून पकडींना भाव आला. तरी कबड्डीतही मधे उभे राहून साखळी धरणाऱ्या मध्यरक्षकाला कोपऱ्याएवढा भाव नाही, कारण पकडीचा गुण एकाच्याच नावावर जातो आणि तो बहुधा कोपऱ्याचा असतो. जे मोजले जात नाही त्याला बाजारात किंमत येत नाही. खो-खोत तर ती सुरुवातही झालेली नाही.

म्हणून माझे पहिले मागणे साधे आहे. सामन्याच्या गुणपत्रिकेशेजारी आणखी एक कागद ठेवा. प्रत्येक आक्रमकापुढे चार रकाने : किती खो दिले, किती नियमभंग, किती वेळा त्याच्या खोनंतर पळणाऱ्याला दिशा बदलावी लागली, आणि किती वेळा त्याने टिपलेला गडी आधीच्याच्या खोने अडकलेला होता. चौथा रकाना भरताना वाद होतील. ते व्हावेत. वाद झाले की प्रशिक्षक त्या मुलाकडे पाहू लागतील. एका हंगामात प्रत्येक मुलाचे दहा-बारा सामने होतात. दोन हंगामांचे असे कागद हातात असले तर कोणत्याही व्यावसायिक संघाच्या माणसापुढे ठेवण्याजोगी गोष्ट तयार होते. आज त्याला आपण काय दाखवतो? प्रमाणपत्रांची फाइल आणि सुराचा एक फोटो.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही, आणि इथे मला राग येतो. सोलापूर आणि शेजारचा धाराशिव हा मुलींच्या खो-खोचा फार समृद्ध पट्टा आहे. धाराशिवच्या सारिका काळेने २०१६च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले, २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तुळजापूरला तिने तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम केले. २०२५च्या विश्वचषकात मुलींनी नेपाळला ज्या फरकाने हरवले तो मुलांच्या दुपटीहून जास्त होता. पण अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही हंगाम फक्त मुलांचे झाले. म्हणजे मुलीची पारख कितीही बारकाईने केली तरी पुढे तिला घेणारा व्यावसायिक संघच नव्हता. तिच्यासाठी पारखीचा अर्थ दहावीला मिळणारे क्रीडागुण, शासकीय नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण आणि लग्नाआधीची राष्ट्रीय स्पर्धा एवढाच राहतो. मुलींच्या मधल्या पाट्यांवरचा खेळ, माझ्या पाहण्यात, मुलांपेक्षा जास्त शिस्तीचा असतो. खो स्वच्छ, नियमभंग कमी. ज्या गुणाची आपण मुलांमध्ये शोधाशोध करतो तो तिथे भरपूर आहे आणि त्याला ग्राहक नाही.

एक प्रश्न घरचे विचारतात आणि प्रशिक्षक टाळतात : यातून पोट भरेल का? लीगचे मानधन एका हंगामाचे असते, शरीराची उमेद दहा-बारा वर्षांची. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा शहरात यंत्रमागावर, विडी वळण्यावर घर चालणाऱ्या कुटुंबातला मुलगा असेल तर सोळाव्या वर्षी त्याच्या हातून येणारा रोजगार घराला लागतो. कुवतीच्या यादीत ही ओळ कधी नसते, पण अनेक मुलांचा खेळ इथेच थांबतो. ज्या मुलाला आपण दोन वर्षे ‘वाट पाहू’ म्हणतो, त्याची ती दोन वर्षे कोण पोसणार, हे सांगितल्याशिवाय त्याला आशा दाखवू नये. मायलाटाला दोन वर्षे न खेळता पगार मिळत होता. वेळापूरच्या मुलाला किमान दोन वेळचे दूध-अंडी, बूट आणि बस पास मिळाला तरी त्याच्या वाढीची वाट पाहता येईल. जिल्ह्यातले साखर कारखाने, बँका आणि शिक्षणसंस्था कुस्तीच्या मैदानांवर बक्षिसांची खैरात करतात. त्यातला लहानसा वाटा दोन हंगामांच्या शिष्यवृत्तीला दिला तर तो जास्त काळ टिकेल.

निवड समितीवरच्या सर्वांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या जिल्हा चाचणीला एक माणूस असा नेमा की त्याने दिवसभर फक्त बसलेल्या गड्यांकडे पाहायचे, पळतीकडे आणि खांबाकडे मान वळवायची नाही. त्याने भरलेल्या कागदाची एक प्रत संघटनेकडे ठेवा आणि एक त्या मुलाला किंवा मुलीला द्या, निवड झालेली असो वा नसो. निवड न झालेल्यांना पुढच्या वर्षी नाव घेऊन बोलवा.